हेडफोन आणि त्याचा सोबती



आपल्यापैकीं कांहींजणांनीं असा एखादा गृहस्थ पाहिला असेल कीं, ज्यानें बाजारांतून चांगला कोरा हेडफोन विकत आणला आणि घरीं येतांच पेंचकस घेऊन तो उघडून बसला. आंत त्यानें माती लिंपली, कापूस भरला, कानावरच्या गाद्या बदलल्या. आणि एवढ्यानेंहि समाधान न होऊन त्या हेडफोनसाठीं अ‍ॅम्प्लिफायरची, म्हणजे ध्वनिवर्धकाची, निराळी एक पेटी आणली. पाहणाराला हा निव्वळ नाद वाटतो. परंतु या नादाला सव्वाशें वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासांत एक अर्थ आहे. तो अर्थ आज आपल्यापुढें मांडावा असा माझा विचार आहे.

हेडफोन हें टेलिफोनचें अपत्य होय. सन १८७६ मध्यें अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना टेलिफोनचें पेटंट मिळालें. त्या टेलिफोनच्या श्रवणनळींत तीन गोष्टी असत : एक लोहचुंबक, त्याच्याभोंवतीं तांब्याच्या तारेचें वेटोळें, आणि समोर लोखंडाचा पातळ पडदा. तारेंतून येणारा प्रवाह कमीजास्त होई, तसा पडदा ओढला अगर सोडला जाई, आणि त्याच्या कंपनांतून शब्द उमटत. १८९१ सालीं फ्रान्समधील अर्नेस्ट मर्काद्ये या अभियंत्यानें दोन्ही कानांत बसणाऱ्या श्रवणनळ्यांचें पेटंट घेतलें. त्या जोडीचें वजन दोन औंसांहूनहि कमी होतें.

पुढें बिनतारी संदेशांचें युग आलें आणि एक मोठी अडचण उभी राहिली. शेंकडों मैलांवरून येणारी लहर संचापर्यंत पोंचेपर्यंत इतकी क्षीण होई कीं, ती वाढविण्याचें व्यवहारोपयोगी साधन त्या वेळीं कोणाजवळहि नव्हतें. सगळा भार कानाशीं लावलेल्या त्या लहानशा यंत्रावर पडे. जें अल्पस्वल्प मिळेल त्याचा कणहि वायां न घालवतां तें ऐकवणें, हेंच त्याचें काम. अशा वेळीं, १९१० सालीं, अमेरिकेंतील युटा प्रांताच्या नॅथॅनियल बाल्डविन नांवाच्या गृहस्थानें आपण बनविलेला हेडफोन तेथील आरमाराकडे परीक्षेसाठीं पाठविला. परीक्षेंत तो आरमाराजवळच्या हेडफोनांपेक्षां पुष्कळ सरस ठरला. अधिक मागणी आली तेव्हां असें कळलें कीं, हा कारागीर आपल्या स्वयंपाकघरांत काम करतो आणि एका वेळीं दहांहून अधिक नग करूं शकत नाहीं! त्याच्या रचनेंत लोखंडाची एक लहान पट्टी चुंबकाच्या ध्रुवांमध्यें तोलून धरलेली असे, आणि तिची हालचाल अभ्रकाच्या पडद्याला पोंचविली जाई. पट्टी दोन्ही बाजूंनीं समतोल असल्यामुळें अगदीं किंचित् प्रवाहानेंहि ती हाले. उत्तम हेडफोनचा आरंभ असा एका घरगुती कारागिराच्या हातून झाला, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

याच सुमारास क्रिस्टल सेट घरोघर होऊं लागले. शिशाच्या खनिजाचा, म्हणजे गॅलिनाचा, एक खडा आणि त्याला हलकेंच टेकविलेली बारीक तार, एवढ्यावर बिनतारी लहर ओळखतां येई. गॅलिनाच्या अशा उपयोगाचें पेटंट आपल्या जगदीशचंद्र बोस यांनीं १९०१ सालीं मागितलें आणि १९०४ सालीं त्यांस तें अमेरिकेंत मिळालें, हें आपणांस अभिमानाचें आहे. या सेटला ना विजेरी लागे, ना विजेची जोडणी. आकाशांतून जेवढी शक्ति येई तेवढीवरच हेडफोन वाजे. साध्या टेलिफोनच्या श्रवणनळीचा रोध ७५ ओहमच्या आसपास असे व क्रिस्टल सेटवर ती जवळजवळ मुकी राही. म्हणून हौशी लोक ती उघडीत, जाड तारेचें वेटोळें काढून टाकीत, आणि केसासारख्या बारीक तारेचे हजारों वेढे त्या जागीं भरीत. मग रोध हजार ओहमवर जाई व ध्वनि ऐकूं येई. विकतच्या चांगल्या जोड्या दोन ते चार हजार ओहमांच्या असत. हेडफोन उघडून सुधारण्याचा नाद आजचा नव्हे, तो असा गरजेंतून जन्मला.

मुंबईंतहि हे दिवस होऊन गेले. १९२३ च्या जून महिन्यांत बॉम्बे रेडिओ क्लबनें येथें कार्यक्रम ध्वनिक्षेपित केला, आणि २३ जुलै १९२७ रोजीं इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें मुंबई केंद्र सुरू झालें. त्याची शक्ति अवघी दीड किलोवॅट होती. अशा केंद्राच्या जवळपास राहणाराला क्रिस्टल सेट आणि हेडफोन पुरे. दूर राहणाराला व्हॉल्व्हच्या महागड्या सेटाविना गत्यंतर नसे.

आतां या व्हॉल्व्हकडे वळूं, कारण त्यानेंच हेडफोनचें भाग्य पालटलें. १९०६ सालीं ली डी फॉरेस्ट यांनीं तीन विद्युदग्रांची नलिका बनविली, आणि १९१२ सालीं एडविन आर्मस्ट्राँग या तरुण विद्यार्थ्यानें तिच्यांतून बाहेर पडणारा प्रवाह पुन्हां आंत फिरवून क्षीण लहर अनेकपट वाढविण्याची युक्ति काढली. खरा ध्वनिवर्धक हातीं आला. १९२५ सालीं राइस आणि केलॉग यांनीं हलत्या वेटोळ्याचा लाउडस्पीकर पुढें आणला, आणि जो ध्वनि एकट्याच्या कानाशीं होता तो सबंध दिवाणखान्याचा झाला. लोकांना वाटलें, आतां हेडफोनचें काम संपलें.

परंतु झालें उलट. क्षीण लहर वाढविण्याचा भार ध्वनिवर्धकानें उचलला, तेव्हां हेडफोनला प्रथमच मोकळीक मिळाली. पूर्वी त्याला एकच गुण पुरत असे, तो म्हणजे तीक्ष्णपणा. लोखंडी पडदा एका विशिष्ट स्वराला फार जोरानें थरथरे आणि बाकीच्यांकडे दुर्लक्ष करी. संदेशाची टिकटिक ऐकावयाची असल्यानें त्याचें कोणास वैषम्य वाटत नसे. आतां तीक्ष्णपणा थोडा कमी झाला तरी चालणार होतें, कारण मागें बळ देणारा उभा होता. म्हणून हेडफोन सत्यनिष्ठ होऊं शकला. बर्लिनच्या बायर यांनीं १९३७ सालीं हलत्या वेटोळ्याचा डी. टी. ४८ हा हेडफोन काढला. १९५८ सालीं अमेरिकेंतील मिलवॉकी शहरीं जॉन कॉस यांनीं दोन वाट्यांत दोन लहान स्पीकर बसवून संगीतासाठीं स्टीरिओ हेडफोन लोकांपुढें ठेवला. जपानच्या स्टॅक्स कंपनीनें १९६० सालीं स्थिरविद्युतेवर चालणारा हेडफोन विक्रीस आणला. त्याला तर स्वतंत्र उच्च दाबाच्या यंत्राशिवाय एक शब्दहि बोलतां येत नाहीं. हेडफोन आणि त्याचा सोबती यांचें लग्न येथें पक्कें झालें म्हणावयाचें.

ज्या जातीचा हेडफोन हौशी लोक आज विशेष उघडतात, तिचा एक नामांकित नमुना १९७६ सालीं जपानच्या यामाहा कंपनीनें एच. पी. १ या नांवानें काढला. यांत वेटोळें गुंडाळलेलें नसतें. अतिशय पातळ पडद्यावरच तें सपाट पसरलेलें असतें, आणि दोहों बाजूंस भोंकें पाडलेले चुंबक असतात. सबंध पडदा एकदम हालतो, म्हणून त्याची चाल सरळ असते. फॉस्टेक्स या दुसऱ्या जपानी कंपनीचा टी-५० आरपी हा याच वर्गांतला. स्टुडिओच्या कामासाठीं केलेला हा हेडफोन किंमतीनें बेताचा आहे. त्याचा पडदा चांगला, परंतु कवच प्लॅस्टिकचें व पोकळ. तें स्वतःच गुणगुणतें. पितळी भांडें वाजत असतां त्याला हात लावला म्हणजे नाद थांबतो, तोच न्याय येथें लागू पडतो. हौशी लोक कवचाच्या आंतून न वाळणारी माती लिंपतात, म्हणजे त्याची थरथर मरते. पोकळींत कापूस किंवा लोंकर भरतात, म्हणजे मागें गेलेला ध्वनि परतून येत नाहीं. कवचावरील छिद्रें थोडीं झांकतात व जाड गाद्या बसवितात, म्हणजे खर्ज भरदार होतो. अमेरिकेंतील डॅन क्लार्क यांनीं असाच सुधारलेला टी-५० आरपी २०१२ सालीं मॅड डॉग या नांवानें विकावयास काढला, आणि त्यांतून पुढें स्वतःचे हेडफोन घडविणारा कारखाना उभा राहिला. बाल्डविनच्या स्वयंपाकघराची आठवण होते ती यामुळें.

या हेडफोनला सोबती लागतो तो कां, हें थोड्या गणितानें कळेल. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीचा रोध ५० ओहम आहे, आणि एक मिलिवॅट शक्ति दिली असतां तो ९२ डेसिबल ध्वनि देतो. वाद्यवृंदाचा एखादा क्षणिक कडकडाट ११० डेसिबलपर्यंत न्यावयाचा, तर आणखी १८ डेसिबल पाहिजेत. दर ३ डेसिबलला शक्ति दुप्पट करावी लागते. म्हणजे सहा वेळां दुप्पट, अर्थात् ६४ मिलिवॅट. त्याला सुमारें पावणेदोन व्होल्ट दाब आणि ३६ मिलिअँपियर प्रवाह हवा. पुष्कळशा मोबाइल फोनांतून एक व्होल्ट किंवा त्याहूनहि कमी दाब मिळतो. म्हणून मधें पेटी आली.

या पेटीचाहि इतिहास मनोरंजक आहे. १९९० नंतरच्या दशकांत चू मॉय या अमेरिकन हौशी गृहस्थानें ९ व्होल्टच्या एका बॅटरीवर चालणारा साधा ध्वनिवर्धक योजिला आणि त्याची कृति सर्वांना सांगितली. पेपरमिंटच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबींत मावणारा हा ध्वनिवर्धक देशोदेशींच्या असंख्य मुलांनीं स्वतःच्या हातानें जोडला. दुसरीकडे व्हॉल्व्हचे भक्त आहेत. त्यांच्या कित्येक यंत्रांत शेवटीं ट्रान्सफॉर्मर नसतो. अशीं यंत्रें सेनहायझरच्या एच. डी. ६०० सारख्या ३०० ओहमच्या हेडफोनला शोभतात, पण ५० ओहमच्या हेडफोनशीं त्यांची जोडी जमत नाहीं, पुष्कळशी शक्ति यंत्रांतच वायां जाते. सारांश, महाग तें जुळेल असें नाहीं. घोडा आणि गाडी एकमेकांच्या मापाचीं पाहिजेत.

आतां मुद्द्याची गोष्ट सांगतों. क्रिस्टल सेटच्या श्रोत्याला परीक्षा आपोआप मिळत असे : शब्द ऐकूं आला कीं सुधारणा खरी, न आला तर खोटी. आज शब्द ऐकूं येणार हें ठरलेलेंच आहे. म्हणून आजच्या हौशी माणसाला आपली परीक्षा आपणच ठरवावी लागते, आणि तेथें तो फसतो. मीहि फसलों होतों. निवृत्तीनंतर वेळ होता, म्हणून मीं एक हेडफोन उघडून मातीनें व कापसानें सुधारला, आणि पाठोपाठ दुसरा अधिक महाग ध्वनिवर्धक घेतला. दोन्ही गोष्टींनीं गाणें उजळलें असें मीं सर्वांना सांगत असें. माझा एक जुना विद्यार्थी रेडिओदुरुस्तीचें काम करतो. त्यानें दोन्ही ध्वनिवर्धकांचा आवाज मीटर लावून तंतोतंत सारखा केला, त्यांवर पंचा टाकला, आणि मला ओळखावयास सांगितलें. बारा खेपांपैकीं सात खेपा मी बरोबर आलों. नाणें उडवूनहि जवळपास तेवढेंच यश मिळतें! नवा ध्वनिवर्धक मीं नेहमीं किंचित् मोठ्यानें लावीत होतों, आणि मोठें तेंच गोड लागत होतें. उलट, सुधारलेला आणि न सुधारलेला असे दोन हेडफोन मात्र मीं डोळे मिटून प्रत्येक खेपेस ओळखले.

यावरून मला एक नियम दिसला. हेडफोनची घडण बदलली तर ध्वनि खरोखरच बदलतो, मग तो बदल बरा असो वा वाईट. ध्वनिवर्धक मात्र एकदां पुरेसा आणि जुळणारा मिळाला, म्हणजे त्याहून अधिक खर्च कानापर्यंत क्वचितच पोंचतो. २०११ सालीं आपलें नांव न सांगणाऱ्या एका रचनाकारानें ओ-टू नांवाचा ध्वनिवर्धक सगळ्या मापनांसह लोकांपुढें मांडला, आणि थोड्या पैशांत निर्दोष यंत्र होऊं शकतें हें आंकड्यांनीं दाखविलें. तो गृहस्थ पुढच्याच वर्षीं लिहावयाचा थांबला, परंतु आधीं माप आणि मग मत, हा त्याचा धडा मागें राहिला आहे.

एक इशारा दिल्यावांचून राहवत नाहीं. जो सोबती बळ देतो तोच इजाहि करूं शकतो. ८५ डेसिबल ध्वनि दिवसाला आठ तास, ही कारखान्यांतील कामगारांसाठीं सुचविलेली मर्यादा आहे. आणि दर ३ डेसिबल वाढले कीं ही मुदत अर्ध्यावर येते. म्हणजे १०० डेसिबलला केवळ पंधरा मिनिटें. वेटोळें जळालें तर नवें गुंडाळतां येतें. कानांतील नाजूक पेशी गेल्या कीं त्या पुन्हां येत नाहींत.

क्रिस्टल सेटचे हौशी लोक आजहि आहेत. जुन्या लढाऊ जहाजांवर विजेरीवांचून, बोलणाराच्या आवाजाच्याच बळावर चालणारे टेलिफोन असत. त्यांतील समतोल पट्टीच्या श्रवणनळ्या हे लोक मिळवितात, बोलण्याचा भाग काढून टाकतात, योग्य ट्रान्सफॉर्मर जोडतात, आणि रात्रीच्या शांततेंत विजेच्या एका थेंबावांचून दूरचें एखादें केंद्र ऐकतात. त्यांच्या हेडफोनला सोबती नाहीं. त्यांचा सोबती म्हणजे त्यांची एकाग्रता. मातीचा गोळा हातीं घेऊन बसलेला आजचा तरुण त्यांच्याच कुळांतला आहे. त्याला हंसूं नये. कशाची सुधारणा केली आणि ती खरी कशावरून, एवढें मात्र त्याला अवश्य विचारावें. आणि उत्तर देण्यापूर्वीं त्यानें पेटीवर पंचा टाकावा.