फ्लॉपीवरून मराठी बसवताना

आपल्या शाळेत संगणक आले तेव्हा त्यांत काहीच बसवलेले नव्हते, आणि संध्याकाळी वीज बंद केली की पुन्हा काहीच उरत नसे. १९९०-९१ साल, आपण नववीत होतो. चपला-बूट दाराबाहेर आणि एका यंत्रापुढे तिघे, हे सर्वांना आठवत असेल. पण त्या यंत्रांना हार्ड डिस्क नव्हती, हे किती जणांच्या लक्षात आहे? सव्वापाच इंची फ्लॉपीचे दोन कप्पे, एका फ्लॉपीत ३६० केबी. ‘ए’ कप्प्यात डॉसची फ्लॉपी घालून यंत्र जागे करायचे, ती काढून वर्डस्टारची घालायची, आणि ‘बी’मध्ये आपले काम साठवायचे. मध्येच चुकीची फ्लॉपी निघाली की ‘अबॉर्ट, रिट्राय, फेल?’ असा प्रश्न पडद्यावर यायचा. तो आपल्या बॅचने पुढे बोर्डाच्या परीक्षेपर्यंत एकमेकांना विचारला.

सर ‘इन्स्टॉल’ला ‘बसवणे’ म्हणत. गणपती बसवतात तसे. शब्द नेमका होता, कारण डॉस स्वतः यात काही करत नसे. आज यंत्राला नव्या प्रोग्रॅमची नोंद ठेवावी लागते. डॉसमध्ये तसली नोंदवहीच नव्हती. फाइल डिस्कवर उतरवली, नाव टाइप केले, चालली तर बसली. बाकीची जुळवाजुळव प्रत्येक प्रोग्रॅमची वेगळी. डीबेस थ्री प्लसला एकाच वेळी बऱ्याच फाइली उघड्या लागत, म्हणून कॉन्फिग डॉट सिस नावाच्या छोट्या फाइलीत ‘फाइल्स = २०’ अशी ओळ घालावी लागे. लोटस १-२-३ आधी विचारायचे की पडदा कोणता आणि प्रिंटर कोणता. उत्तर चुकले तर आकडे दिसत, आलेख दिसत नसे. ही सवय डॉसच्याही आधीची. वर्डस्टार १९७८ साली निघाले ते सीपी/एम या प्रणालीवर. तेव्हा प्रत्येक कंपनीचे टर्मिनल वेगळे, त्यामुळे ‘इन्स्टॉल’ म्हणजे प्रोग्रॅमला आपल्या यंत्राची ओळख करून देणे. लग्नात नव्या सुनेला घरातली माणसे दाखवतात, तसेच ते.

आपल्या आधी देशातल्या सुमारे २५० शाळांत ‘क्लास’ या सरकारी योजनेतून १९८४-८५ साली संगणक पोचले होते. ते केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीचे बीबीसी मायक्रो. त्यांच्यावर तर प्रोग्रॅम बसवणे हे अक्षरशः बसवणेच होते: पत्रलेखनाचा प्रोग्रॅम चिपमध्ये यायचा, झाकण उघडून ती चिप मोकळ्या खाचेत दाबायची. हे मला नोकरीत लागल्यावर कळले, आणि त्याचा पुढच्या गोष्टीशी संबंध आहे म्हणून इथे लिहितो.

नाशिकमध्ये तेव्हा सॉफ्टवेअर विकत घेणे हा प्रकार फारसा नव्हता. कोणीतरी पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाई, लॅमिंग्टन रोडवरून कोऱ्या फ्लॉप्यांचा डबा आणि एखादी भरलेली फ्लॉपी आणी. मग ‘डिस्ककॉपी’ सुरू. संगणकाचा प्रोग्रॅम हेही साहित्यच, असे आपल्या कॉपीराइट कायद्यात १९८४ सालीच आले होते, पण ते आपल्या कोणाच्या कानावर नव्हते. या फिरत्या फ्लॉप्यांतून विषाणूही फिरत. त्यांतला सर्वांत नावाजलेला ‘ब्रेन’, लाहोरच्या दोन भावांनी १९८६ साली लिहिलेला. म्हणून सर फ्लॉपीच्या कडेच्या खाचेवर चंदेरी चिकटपट्टी लावत. ती असेपर्यंत फ्लॉपीवर काही लिहिता येत नसे. ती पट्टी नखाने खरवडणारे महाभाग कोण होते, ते त्यांचे त्यांना ठाऊक.

हे सगळे इंग्रजीचे झाले. मराठी फ्लॉपीवरून बसत नव्हती. देशाच्या नोटा आणि टपालाची तिकिटे छापणाऱ्या आपल्या गावात पडद्यावर ‘शाळा’ हा शब्द उमटवता येत नव्हता. डॉसच्या पडद्यावर ऐंशी उभ्या आणि पंचवीस आडव्या रांगांचे चौकोन असत. एका चौकोनात एक अक्षर आणि चिन्हे एकूण २५६. त्यात वेलांटी कुठे चढणार, उकार कुठे लोंबणार, जोडाक्षर कुठे मावणार? यावर उपाय निघाला तो जिस्ट. आयआयटी कानपूरला त्याचा पाया घातला गेला आणि १९८८ साली पुण्यात सुरू झालेल्या सी-डॅकने त्याचे कार्ड बाजारात आणले. झाकण उघडायचे आणि कार्ड खाचेत दाबायचे. म्हणजे पुन्हा बीबीसी मायक्रोचाच प्रकार. मग इंग्रजीसाठी लिहिलेले वर्डस्टार किंवा डीबेस, त्याला न कळवताच, मराठी दाखवू लागे. मराठी स्क्रूड्रायव्हरने बसवावी लागली, असे मी नेहमी सांगतो, आणि ते खोटे नाही.

शाळेकडे हे कार्ड नव्हते. सरांच्या ओळखीच्या एका कार्यालयात होते. दहावीच्या निरोपाआधी तिथे दोन रविवार बसून सरांनी आपल्या वर्गाची यादी डीबेसमध्ये मराठीत भरली. मी नावे वाचून दाखवायला होतो. जिस्टची अक्षरे इस्की या संकेतानुसार साठत. १९९१ साली तो भारतीय मानक झाला. त्यात अक्षरांचे क्रमांक वर्णमालेच्या ओघाने लावलेले असल्याने यंत्र मराठी नावेही जवळपास बरोबर लावी. जवळपास एवढ्यासाठी की यंत्राच्या लेखी ‘क्ष’ म्हणजे ‘क’ आणि ‘ष’. त्यामुळे पाचवीपासून हजेरीत सगळ्यात शेवटी ओरडणारा आपला मित्र ‘ख’च्या आधी जाऊन बसला. त्याला सोमवारी सांगितले तर म्हणाला, “संगणकाला तरी माझी किंमत कळली.” तो आज आपल्यात नाही.

या स्मरणिकेसाठी जुनी सामग्री गोळा करताना एक उलटाच अनुभव आला. १९९२ची ती यादी उघडली. सरांनी ती दर वेळी नव्या साधनावर उतरवून ठेवली होती, आणि इस्कीतले प्रत्येक अक्षर नेमून दिलेले असल्याने तिचे युनिकोड करायला फार वेळ लागला नाही. युनिकोडमधली देवनागरीच मुळात इस्कीवरून घेतलेली आहे. पण त्यानंतर पाच वर्षांनी, विंडोज आल्यावर, आपल्या धाकट्या बॅचने काढलेला विज्ञान प्रदर्शनाचा अंक उघडत नाही. तो अशा एका फॉन्टमध्ये आहे ज्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार भरले होते. अक्षर साठवलेलेच नाही, आकार साठवले आहेत. वेलांटी आधी, काना वेगळा. तो फॉन्ट ज्या यंत्रावर होता ते भंगारात गेले आणि फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. जुने वाचले, नवे बुडाले. प्रत्येक विक्रेत्याने आपापली मराठी बसवली, त्याची ही किंमत. विंडोज २००० मध्ये देवनागरी अधिकृतपणे आली, तरी एक्सपीवर सेटिंगमध्ये जाऊन एक खूण करावी लागे आणि यंत्र मूळ सीडी मागे. तेव्हाही मराठी वेगळी बसवावीच लागत होती.

सरांची यादी शेवटच्या पानांवर त्याच क्रमाने छापली आहे. ‘क्ष’ आम्ही हलवला नाही. ज्या नावांपुढे पत्ता कोरा आहे, त्यांच्याविषयी कोणाला माहिती असल्यास संपादक मंडळाला कळवावे. आणि विज्ञान प्रदर्शनाच्या त्या अंकाची छापील प्रत कोणाच्या माळ्यावर असेल तर कृपया एक दिवसासाठी द्यावी. पुन्हा टाइप करायला चौघे जण तयार आहेत.