मेकअप ब्रश घरच्या घरी कसे धुवायचे? पद्धत, वेळापत्रक आणि नेहमी होणाऱ्या चुका

चेहरा आपण दिवसातून दोन-तीनदा धुतो. कोणता फेसवॉश चांगला, यावर तासभर रील्स बघतो. पण ज्या ब्रशने रोज फाउंडेशन लावतो तो शेवटचा कधी धुतला होता, असं कुणी विचारलं तर पटकन आठवत नाही. मग गालावर आणि हनुवटीवर पुटकुळ्या उठल्या की दोष नव्या क्रीमला दिला जातो. कधी कधी खरं कारण मेकअपच्या पाऊचमध्येच पडलेलं असतं.

ब्रश धुणं अवघड नाही आणि महागही नाही. शाम्पू आणि कोमट पाणी एवढंच लागतं. मात्र चुकीच्या पद्धतीने धुतला तर चांगला ब्रशही थोड्याच दिवसांत केस सोडायला लागतो. म्हणून आधी कारण समजून घेऊ आणि मग पद्धत पाहू.

न धुतलेल्या ब्रशमध्ये काय असतं?

ब्रश चेहऱ्यावरून फिरतो तेव्हा मेकअप लावता लावता त्वचेवरचं तेल, घाम, मृत पेशी आणि जिवाणूही उचलतो. फाउंडेशन किंवा कन्सीलरच्या ब्रशमध्ये तेल आणि ओलावा दोन्ही राहतात, त्यामुळे तो कोरड्या पावडरच्या ब्रशपेक्षा लवकर खराब होतो.

स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू अनेक निरोगी माणसांच्या नाकात आणि त्वचेवरही असतो. एरवी तो काही करत नाही, पण फुटलेल्या पुटकुळीतून किंवा ओरखड्यातून आत शिरला की पू होऊ शकतो. डोळ्यांभोवती वापरायच्या ब्रशबाबत जास्त जपायला हवं, कारण रांजणवाडी होणं किंवा डोळे येणं याला अस्वच्छ मेकअप हे एक कारण असू शकतं.

ब्रिटनमधल्या ॲस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी वापरात असलेल्या मेकअपच्या ४६७ वस्तू तपासल्या. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सर्वांत जास्त जिवाणू मेकअप लावायच्या स्पंजमध्ये सापडले. ९३ टक्के स्पंज कधी धुतलेच नव्हते. ६४ टक्के स्पंज जमिनीवर पडूनही पुढे वापरले जात होते.

याचा अर्थ प्रत्येक पुटकुळी ब्रशमुळेच येते असा नाही. हार्मोन्स, तेलकट त्वचा अशी इतरही कारणं असतात. पण ब्रशची स्वच्छता पूर्णपणे आपल्या हातात असते.

किती दिवसांनी धुवावा?

अमेरिकन ॲकॅडमी ऑफ डर्मेटॉलॉजी ही त्वचारोगतज्ज्ञांची संस्था ७ ते १० दिवसांतून एकदा ब्रश धुण्याचा सल्ला देते. रोजच्या वापरासाठी साधा हिशोब असा ठेवा:

• फाउंडेशन, कन्सीलर आणि क्रीम ब्लशचे ब्रश: आठवड्यातून एकदा.
• डोळ्यांचे ब्रश: आठवड्यातून एकदा, आणि डोळ्यांना त्रास झाला असेल तर लगेच.
• पावडर आणि कोरड्या ब्लशचे ब्रश: १० दिवसांतून एकदा.
• स्पंज: शक्यतो प्रत्येक वापरानंतर.

फक्त सणासमारंभाला मेकअप करत असाल तर काम झाल्यावर धुऊन, पूर्ण वाळवूनच ब्रश ठेवा. न धुता ठेवला तर पुढच्या लग्नापर्यंत त्यातलं तेल खवट होतं.

ब्रश धुण्याची पद्धत

१. आधी ब्रश टिश्यूवर किंवा कोरड्या सुती कापडावर पुसून सुटा मेकअप काढून टाका.

२. कोमट पाण्याच्या बारीक धारेखाली फक्त केसांचा भाग ओला करा. केसांचं टोक कायम खालच्या दिशेला असू द्या. केस आणि दांडा यांना जोडणाऱ्या धातूच्या पट्टीत केस गोंदाने चिकटवलेले असतात. तिथे पाणी शिरलं की गोंद सुटतो आणि लाकडी दांडा फुगतो.

३. तळहातावर सौम्य शाम्पूचे एक-दोन थेंब घ्या. लहान बाळांचा शाम्पू चालतो. त्यावर ब्रश हलक्या हाताने गोल फिरवा. घासू नका, दाबून केस पसरवू नका.

४. पुन्हा टोक खाली ठेवून धुवा. फेस रंगीत येत असेल तर परत शाम्पू घ्या. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे करा.

५. स्वच्छ टॉवेलमध्ये केस हलकेच दाबून पाणी टिपून घ्या. पिळू नका. बोटांनी केसांना मूळ आकार द्या.

६. टेबलाच्या कडेला ब्रश आडवा ठेवा. केसांचा भाग कडेबाहेर राहिला की चारही बाजूंनी हवा लागते.

वॉटरप्रूफ मेकअप शाम्पूने निघत नसेल तर आधी खोबरेल तेलाचा एक थेंब तळहातावर घेऊन ब्रश त्यात फिरवा, टिश्यूवर पुसा आणि मग शाम्पूने धुवा. तेल तेलात विरघळतं, म्हणून ही युक्ती चालते. सिंथेटिक ब्रश फारच तेलकट झाला असेल तर भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंबही पुरतो. बकरीच्या किंवा खारीच्या केसांच्या ब्रशला मात्र ते वापरू नका, केस कोरडे पडून तुटतात.

घरात बोअरचं पाणी असेल तर अंगाचा साबण टाळा. जड पाण्यातल्या क्षारांशी साबणाची प्रक्रिया होऊन चिकट साका तयार होतो आणि तो केसांतच अडकतो. शाम्पूचा असा त्रास फार कमी होतो.

पावसाळ्यात ब्रश कसा वाळवायचा?

कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात जुलैमध्ये कपडेच वाळत नाहीत, तिथे जाड ब्रशचं काय? अर्धवट ओला ब्रश पाऊचमध्ये गेला की कुबट वास येतो आणि बुरशी धरते. म्हणून पावसाळ्यात सगळे ब्रश एकदम धुऊ नका, दोन-दोन करून धुवा. रात्री पंख्याखाली ठेवा आणि बाथरूममध्ये मुळीच ठेवू नका. छोटे ब्रश काही तासांत वाळतात, जाड ब्रशला पूर्ण रात्र किंवा जास्त वेळ लागतो. वरून कोरडा वाटला तरी मुळाशी बोट दाबून पाहा.

या चुका टाळा

• उकळतं पाणी: गोंद सैल होतो आणि सिंथेटिक केस वाकडे होतात.
• ब्रश ग्लासात बुडवून ठेवणं: पाणी थेट धातूच्या पट्टीत जातं.
• ओला ब्रश उभा ठेवणं: पाणी दांड्याकडे उतरतं.
• हेअर ड्रायरची गरम हवा किंवा कडक ऊन: केस ठिसूळ होतात.
• बेकिंग सोडा आणि व्हिनेगर एकत्र करणं: फेस येतो म्हणून छान वाटतं, पण दोघं एकमेकांचा परिणाम पुसून टाकतात.

स्पिरिट स्प्रे मारला की झालं का?

७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल अनेक जिवाणू मारतं, पण मळ आणि तेल काढत नाही. मळ तसाच असेल तर अल्कोहोल नीट पोहोचतही नाही. म्हणून आधी धुणं, मग हवं असल्यास स्प्रे. अल्कोहोल लवकर पेट घेतं, तेव्हा गॅस आणि देवाजवळच्या दिव्यापासून लांब वापरा. ब्रश पूर्ण वाळल्याशिवाय चेहऱ्याला लावू नका.

स्पंज, काजळ आणि मस्कारा

स्पंज ओला करून त्यावर शाम्पू लावा, आतला फेस पांढरा येईपर्यंत दाबून धुवा आणि मोकळ्या हवेत वाळवा. साधारण तीन महिन्यांनी, किंवा फाटला, काळे ठिपके पडले तर त्याआधीच बदला. काजळ पेन्सिलला अधूनमधून टोक काढलं की वरचा थर निघून जातो. मस्काराचा ब्रश धुऊ नका, तीन महिन्यांनी पूर्ण ट्यूबच टाका. डोळे आले असतील तर त्या काळात वापरलेलं काजळ, मस्कारा आणि आयलायनर जपून ठेवण्याचा मोह नको.

ब्रश दुसऱ्याला द्यावा का?

लग्नघरात एकाच ब्रशने नवरी, करवली आणि मावशी अशा सगळ्यांचा मेकअप होतो. डोळ्यांचा संसर्ग किंवा ओठांवरची नागीण अशाने एकीकडून दुसरीकडे जाऊ शकते. पार्लरमध्येही ब्रश धुतलेले आहेत का, हे विचारण्यात संकोच कशाला? चांगली मेकअप आर्टिस्ट राग धरत नाही. काजळ आणि लिपस्टिक तरी स्वतःची न्या.

ब्रश कधी टाकून द्यावा?

धुतल्यावरही वास येत असेल, केस सतत गळत असतील, धातूची पट्टी हलत असेल किंवा बुरशीचे ठिपके दिसत असतील तर तो ब्रश काढून टाका. नाहीतर नीट धुतलेला ब्रश अनेक वर्षं साथ देतो.

डोळा दुखत असेल, पू येत असेल किंवा पुटकुळ्या पसरत असतील तर मेकअप थांबवून डॉक्टरांना दाखवा. बाकी सगळ्यांसाठी रविवारची दहा मिनिटं पुरेशी आहेत.