रेडिएटरमधला दाब : वाफेचा की ज्वालेचा?

ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ ही बाई नवऱ्याला न सांगता त्याने बनवलेली तीनचाकी मोटारगाडी घेऊन, दोन मुलांसह, मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाली. अंतर सुमारे १०६ किलोमीटर. वाटेत औषधाच्या दुकानातून तिने इंधन विकत घेतले, ही गोष्ट नेहमी सांगितली जाते. ती जागोजागी पाणी भरत गेली, हे मात्र मागे पडते. त्या एंजिनात सिलिंडरभोवतीचे पाणी चक्क उकळत असे आणि वाफ हवेत निघून जाई. ३० अंश सेल्सिअसचे एक किलोग्रॅम पाणी १०० अंशांपर्यंत तापवायला सुमारे २९० किलोज्यूल उष्णता लागते, तर त्याची वाफ करायला २,२६० किलोज्यूल. तेव्हा उष्णता वाहून नेण्याचा हा मार्ग चांगलाच होता. गैरसोय एवढीच, की पाणी संपे. भांडे उघडे असल्याने दाबाचा प्रश्न मात्र नव्हता.

पाणी न गमावता थंड करण्याची सोय विल्हेल्म मायबाख याने केली. १९०० च्या अखेरीस तयार झालेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीज गाडीला त्याने मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवला. त्यात चौकोनी छेदाच्या ८,०७० बारीक नळ्या होत्या. नळ्यांतून हवा जाई आणि त्यांच्यामधल्या फटींतून पाणी फिरे. पृष्ठफळ एवढे वाढल्यामुळे आधीच्या गाडीत १८ लिटर पाणी लागे, तिथे आता ९ लिटर पुरू लागले. १९०८ मध्ये आलेल्या फोर्डच्या टी मॉडेलने तर, पहिल्या सुमारे अडीच हजार गाड्यांनंतर, पाण्याचा पंपही काढून टाकला. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते, थंड झालेले खाली उतरते. आपण चंचुपात्रात पोटॅशियम परमँगनेटचा खडा टाकून दाखवतो तेच अभिसरण.

याच टी मॉडेलमधली दुसरी एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. सिलिंडरचे डोके, म्हणजे हेड, वेगळे ओतून बोल्टांनी बसवण्याची पद्धत या गाडीने रूढ केली. दुरुस्ती सोपी झाली. पण हेड आणि ब्लॉक यांच्यामध्ये एक सांधा निर्माण झाला. तो बंद ठेवायला गॅस्केट आली. त्या काळी ती तांब्याच्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस दाबून बनवत. एका बाजूला ज्वाला आणि दुसऱ्या बाजूला पाणी, मध्ये ही पातळ चकती. ती फुटली तर वायू पाण्यात शिरे, रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसत आणि वायू वरच्या उघड्या नळीतून निघून जाई. रोग होता, पण लपून राहात नव्हता.

रेडिएटरचे झाकण घट्ट बंद करण्याची कल्पना पुढे आली, तिला विमानांच्या गरजेने जोर दिला. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळते. महाबळेश्वरलाच ते ९६ अंशांच्या आत उकळते, तर सहा हजार मीटरवर ८० अंशांच्या आसपास. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला रोल्स-रॉइसने ‘गॉसहॉक’ या एंजिनात पाणी उकळू देऊन ती वाफ पंखांमध्ये थंड करण्याचा घाट घातला. पण उकळण्याच्या बेतात असलेले पाणी पंपाच्या तोंडाशी दाब जरा घटला की वाफ होई आणि पंप अडे. ते एंजिन बसवलेले सुपरमरीनचे २२४ क्रमांकाचे विमान १९३४ मध्ये उडाले आणि निराशाच पदरी पडली. पुढे स्पिटफायरच्या मर्लिन एंजिनांत पाण्यात ३० टक्के ग्लायकॉल मिसळून ते मिश्रण दाबाखाली ठेवण्यात आले. बुद्धी झाकणात होती, पंखांत नव्हे!

दुसऱ्या महायुद्धानंतर दाबाचे झाकण मोटारींत सर्रास आले. त्यात स्प्रिंगची झडप असते. आतला दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे एका वातावरणाने वाढेपर्यंत ती उघडत नाही, आणि तोवर साधे पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही. या सोयीची किंमत आहे. ११५ अंशांचे पाणी असताना कोणी झाकण उघडले, तर दर लिटरमागे सुमारे २८ ग्रॅम पाण्याची तत्क्षणी वाफ होते. तिचे आकारमान ४५ लिटरहून जास्त भरते, आणि ती उरलेले कढत पाणी बरोबर घेऊन उघडणाऱ्याच्या तोंडावर येते.

दुसरी किंमत निदानाची. आता निरोगी एंजिनातही दाब असतो, मग आजारी एंजिनातला ओळखायचा कसा? मेकॅनिक सांगतो, ‘गाडी पाणी फेकते.’ मालक थर्मोस्टॅट बदलतो, मग पंप, मग रेडिएटर. पैसे जातात आणि पाणी फेकणे चालूच राहते. ‘एंजिन तापते म्हणून दाब वाढतो’ हे गृहीत धरल्याचा हा परिणाम. कित्येकदा उलटे असते. आत शिरलेल्या वायूचा कप्पा पाण्याचे अभिसरण अडवतो, आणि म्हणून एंजिन तापते.

इथे अकरावीचे भौतिकशास्त्र कामी येते. ३० अंशांना झाकण लावले, तर आत अडकलेल्या कोरड्या हवेचा दाब सुमारे ०.९७ बार असतो. ९० अंशांना ती हवा ३६३/३०३ या प्रमाणात १.१६ बारवर जाईल. त्यात ९० अंशांच्या वाफेचा ०.७० बार मिळवा, एकूण १.८६, म्हणजे बाहेरच्यापेक्षा सुमारे ०.८५ बार जास्त. पाणी प्रसरण पावते, रबरी होज फुगतात, त्याने आकडा थोडा इकडेतिकडे होईल. पण मुद्दा हा, की निरोगी एंजिनात दाब तापमानाच्या मागोमाग चालतो. पाणी कोमट असतानाच होज दगडासारखा टणक झाला, तर तो दाब वाफेचा नाही. रात्रभर थंड झालेल्या गाडीचे झाकण सकाळी उघडताना ‘फुस्स’ आवाज आला, तरीही तेच. वाफ थंड होऊन पाणी होते. ज्वलनातून आलेला वायू तसा होत नाही.

तो येतो कुठून, हे उघड आहे. भार असताना पेट्रोल एंजिनाच्या सिलिंडरमधला दाब क्षणभर ४०-५० वातावरणांपर्यंत चढतो, तर झाकण एका वातावरणावर थांबते. मिनिटाला २,००० फेरे होत असतील, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये हे हजार वेळा घडते. केसाएवढी फट पुरते. हेड अ‍ॅल्युमिनियमचे आणि ब्लॉक बिडाचा करण्याची रीत आल्यावर सांध्यावरचा ताणही वाढला, कारण तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट पसरते.

संशयाची खात्री करायला रसायनशास्त्र धावून आले, तेही दुधाच्या प्रयोगशाळेतून. अमेरिकेच्या कृषी खात्यात दुग्धविभागात काम करणारा मॅन्सफिल्ड क्लार्क आणि त्याचा सहकारी हर्बर्ट लब्ज यांना जीवाणूंमुळे येणारी आम्लता रंगावरून मोजायची होती. त्यासाठी त्यांनी १९१५ ते १९१७ या काळात निर्देशकांची एक मालिकाच तयार केली. ब्रोमोथायमॉल ब्लू हा त्यांतला एक. सामू ७.६ च्या वर तो निळा, ६.० च्या खाली पिवळा. गॅरेजमध्ये रेडिएटरच्या तोंडावर काचेची नळी बसवतात, तिच्यात हा निळा द्राव असतो. एंजिन चालू ठेवून रबरी फुग्याने रेडिएटरमधली हवा द्रावातून ओढतात. पेट्रोल एंजिनाच्या धुरात १२ ते १५ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, साध्या हवेत ०.०४ टक्के. रंग पिवळा झाला, की ज्वालेचा वायू पाण्यात आला हे नक्की. हा प्रयोग वर्गात नळीने फुंकरूनही होतो, कारण उच्छ्वासात सुमारे ४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. द्राव तोंडात जाणार नाही एवढी काळजी घ्यावी.

रंग निळाच राहिला, तर मात्र निर्वाळा देण्याची घाई नको. फट भार पडल्यावरच उघडत असेल तर ती उभ्या गाडीत सापडत नाही. डिझेल एंजिनाच्या धुरात, ते नुसते चालू असताना, कार्बन डायऑक्साइड फार कमी असतो. शिवाय कोणता सिलिंडर गळतो, हे रंग सांगत नाही. त्यासाठी थंड एंजिनात हातपंपाने रेडिएटरवर दाब देऊन गाडी रात्रभर ठेवतात आणि सकाळी कोणत्या सिलिंडरचा स्पार्क प्लग ओला आहे ते पाहतात. पुढे हेड उतरवले, की बाकीचे दट्टे काजळीने काळे असतात आणि एकच, वाफेने धुतला गेल्यामुळे, लख्ख दिसतो.