झाडीच्या रात्री आणि फुटाळ्याचे पाणी

नागपूरच्या फुटाळा तलावावर २०२२ मध्ये संगीत कारंज्यांचे चाचणी-प्रयोग झाले, तेव्हा काठावरच्या दीर्घेवर सारे शहर लोटले होते. पाण्याचे उंच फवारे, त्यांवर पडणारे रंगीत प्रकाशझोत, ध्वनिवर्धकांतून येणारे संगीत आणि नागपूरचा इतिहास सांगणारे निवेदन असा तो थाट होता. निवेदन तीन भाषांत : मराठीत नाना पाटेकर, हिंदीत गुलजार, इंग्रजीत अमिताभ बच्चन. कार्यक्रम देखणा होता, यात वाद नाही. ज्या शहराला आपला इतिहास मोठ्याने सांगण्याची फारशी सवय नाही, त्याने तो पाण्यावर लिहिलेला पाहावा, याचे अप्रूपही होते. तरीही एक प्रश्न मनात राहिला. त्या हजारो माणसांनी तिथे नेमके काय केले? ती बसली, त्यांनी पाहिले, भ्रमणध्वनीवर चित्रण केले आणि ती घरी गेली. सांगितला गेलेला इतिहास त्यांचा होता. सांगण्यात मात्र त्यांचा वाटा नव्हता.

प्रेक्षकाला चहूबाजूंनी वेढून टाकणाऱ्या, संस्कृती आणि तंत्रज्ञान यांचा मेळ घालणाऱ्या सोहळ्यांची अलीकडे बरीच चर्चा असते. ही कल्पना परदेशातून आली आणि आपण ती उशिरा उचलली, असा या चर्चेचा एकूण सूर. मला तो मान्य नाही. मराठीत या अनुभवासाठी पारिभाषिक संज्ञा नसेल, पण एक जुने, नेमके क्रियापद आहे : रंगणे. कीर्तन रंगते, नाटक रंगते, बैठक रंगते. या क्रियापदाचा कर्ता कोण, हे पाहण्यासारखे आहे. प्रेक्षक रंगला असे आपण क्वचित म्हणतो. कार्यक्रम रंगला असे म्हणतो. म्हणजे रंगण्याची घटना मंचावर घडत नाही, समोरच्या माणसांतही घडत नाही. ती दोहोंच्या मध्ये कुठेतरी घडते. बुवा कितीही मोठे असोत, श्रोते जांभया देत असतील तर कीर्तन रंगले असे कोणी म्हणणार नाही. हे क्रियापद हाती ठेवून नागपूर आणि त्याच्या पूर्वेकडील मुलखाचा थोडा इतिहास पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू.

फुटाळ्याहून फार दूर जाण्याची गरज नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, जुन्या नागपुरात मारबतींची मिरवणूक निघते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेली ही परंपरा. काळी मारबत आणि पिवळी मारबत या बांबू, कागद आणि रंगांच्या प्रचंड स्त्रीप्रतिमा. त्यांच्यासोबत निघणारे बडगे. काळ्या मारबतीचा संबंध भोसल्यांच्या घराण्यातील बाकाबाईंशी आणि त्यांच्या इंग्रजधार्जिण्या वर्तनाशी जोडला जातो. तो इतिहास किती आणि लोकांचा न्यायनिवाडा किती, हा वेगळा विषय. महत्त्वाचे हे की बडगे दरवर्षी नवे असतात. महागाई, भ्रष्टाचार, दहशतवाद, एखादा पुढारी, जे त्या वर्षी छळत असेल ते बडग्याच्या रूपाने रस्त्यावर येते आणि शहराबाहेर घालवले जाते. ही मिरवणूक पाहणारा आणि मिरवणुकीत असणारा यांच्यात सीमारेषा आखणे अशक्य. गल्लीच्या तोंडाशी उभा असलेला माणूस ओरडू लागला की तो मिरवणुकीचाच भाग होतो. या सगळ्याला तंत्रज्ञान म्हणावे काय, असे कोणी विचारील. दोन-तीन मजली उंचीची, गर्दीत डोलत जाणारी आणि शेवटी सहज जळणारी आकृती बांबूच्या कामट्यांवर उभी करणे हे तंत्र नसेल, तर तंत्र कशाला म्हणायचे?

आपल्या समीक्षेची अडचण इथेच आहे. लोककला म्हटली की ती तंत्रज्ञानपूर्व, निरागस, मातीतली असे आपण गृहीत धरतो. मग तिच्यात माइक आला की आपल्याला ऱ्हास दिसू लागतो. वस्तुतः महाराष्ट्रात नवे यंत्र आणि जुनी कथा यांची गाठ फार पूर्वी पडली आहे. कल्याणच्या पटवर्धनांनी १८९२ मध्ये शांबरिक खरोलिकेचे खेळ सुरू केले. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली चित्रे, एकाहून अधिक दीपयंत्रे, त्यांच्या युक्तीने पडद्यावर हालचाल करताना भासणाऱ्या आकृती आणि सोबतीला संवाद व गाणे. कथा मात्र पुराणातल्या, प्रत्येकाला ठाऊक असलेल्या. त्या नावातच सारे आहे : शंबरासुराची माया ती शांबरी. यंत्र पाश्चात्य होते, पण मायेची कल्पना आपली, आणि पडद्यावर पुढे काय होणार हे प्रेक्षकाला आधीच माहीत. त्याला कुतूहल होते ते कसे होणार याचे. चित्रपटाच्या इतिहासात खरोलिकेचा उल्लेख पूर्वज म्हणून होतो. कीर्तनाच्या आणि आख्यानाच्या इतिहासात तो होत नाही, ही आपली चूक. असो.

मुख्य मुद्दा झाडीपट्टीचा.

नागपूरहून पूर्वेला शंभर-सव्वाशे किलोमीटर गेले की वडसा लागते, म्हणजे देसाईगंज. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांतला धानाचा आणि जंगलाचा हा पट्टा. दिवाळीनंतर धान कापणीला येते, गावोगाव मंडई भरते आणि नाटकांचा हंगाम सुरू होतो. तो उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. दिवसा शंकरपट, रात्री नाटक, अशी जुनी जोडी. नाटक रात्री नऊ-दहाला सुरू व्हायचे आणि पहाटे संपायचे. या मुलखात नाटक आधी नव्हते असे नाही : दंडार होती, खडी गंमत होती, डाहाका होता. खडी गंमत तर नावाप्रमाणे उभ्याने सादर होणारी. या रूपांनी येथल्या प्रेक्षकाला रात्रभर जागण्याची आणि मध्येच टोकण्याची सवय लावली. पुढे संगीत नाटकाची ओढ आली, ती या सवयीवर बेतली गेली.

सुरुवातीला नाटक गावातलीच माणसे करीत. दिवसा शेतात राबणारा रात्री राजा होई, आणि राणीही पुरुषच होई. पुढे व्यावसायिक मंडळे उभी राहिली, वडसा हे त्यांचे केंद्र बनले, स्त्री कलावंत आल्या, मुंबई-पुण्याचे पाहुणे नटही येऊ लागले. व्यवहाराची रीत मात्र लक्षात घेण्यासारखी आहे. मंडळ स्वतः गावात येऊन तंबू ठोकत नाही. गावातील मंडळी वडशाला जाऊन नाटक ठरवतात, ठरलेली रक्कम देतात, तिकिटे स्वतः विकतात, नफा-तोटा स्वतः सोसतात. उरले तर ते गावाच्या कामाला लागते. म्हणजे आपण ज्याला प्रेक्षक म्हणतो तो इथे निर्माताही असतो. नाटक पडले तर तो नाट्यसंस्थेचा दोष नुसता नसतो. गावाची निवड चुकली, असे शेजारचे गाव म्हणते.

या सगळ्यात तंत्रज्ञान कुठे आहे? सर्वत्र आहे. धान निघालेले शेत हे नाट्यगृह. प्रेक्षकांना नीट दिसावे म्हणून जमीन खोदून उतार करतात, मंचाजवळची माणसे खाली आणि मागची वर. ग्रीक प्रेक्षागारांवर आपण वर्गात तासभर बोलतो, टेकडीच्या उताराचे कौतुक करतो. झाडीत टेकडी नसेल तिथे कुदळीने उतार केला जातो, तो आपल्या टिपणांत येत नाही. मग टेंभ्यांच्या जागी गॅसबत्ती आली, गॅसबत्तीच्या जागी वीज आणि जनित्र. रंगवलेले पडदे आले : राजवाडा, जंगल, रस्ता, झोपडी. मंचावर वरून माइक टांगले गेले आणि अभिनयाची शैलीच बदलली. नट बोलता बोलता माइकखाली येतो, वाक्य टाकतो, टाळी घेतो आणि सरकतो. शहरी समीक्षकाला ही हालचाल कृत्रिम वाटते. पण हजारोंचा समुदाय उघड्यावर बसलेला, मागे वारा, बाजूला चहाच्या आणि भज्यांच्या दुकानांचा गलबला. अशा ठिकाणी शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला शब्द ऐकू जावा यासाठी शोधलेली ती पद्धत आहे. मंचाजवळ बसून पायपेटी आणि तबला वाजवणाऱ्यांचीही तीच कथा. पुढे इलेक्ट्रॉनिक वाद्ये आली, पण गाणे नट स्वतः गातो ही अपेक्षा बराच काळ टिकली.

एका हिवाळ्यात वडशाच्या पलीकडच्या एका गावी मी असे नाटक पाहिले. नाटकाचे कथानक आज आठवत नाही, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर ते आठवण्याजोगे नव्हते. आठवते ते असे : गावाच्या दोन कोस अलीकडून आवाज ऐकू येत होता, शब्द कळत नव्हते, फक्त सूर. रस्त्याने अंगावर चादरी घेतलेली माणसे, मोटारसायकली, एखादी बैलगाडी. गावातल्या प्रत्येक घरी पाहुणे. सासरी गेलेल्या मुली आलेल्या. कोणाच्या तरी मुलासाठी मुलगी पाहण्याचे बोलणे नाटकाच्या गावीच उरकण्याचा बेत. पहाटे तीनच्या सुमारास धुके उतरले आणि मंचावरचे दिवे त्यात विरघळून गेल्यासारखे दिसू लागले. त्या वेळी मंचावर एक बाई आपल्या मृत नवऱ्याबद्दल बोलत होती आणि माझ्या शेजारचा शेतकरी तिला उत्तर देत होता. मोठ्याने नव्हे, स्वतःशी. कोणाला त्यात वावगे वाटले नाही.

झाडीपट्टीचे नाटक म्हणजे भडक करमणूक, हा समजही तपासायला हवा. भडकपणा आहे, अलीकडे मध्यंतरात नाचगाण्याचे जे हंगामे घुसले आहेत, त्यांविषयी झाडीतल्याच कलावंतांची तक्रार आहे आणि ती रास्त आहे. पण याच मंचावर नवरगावच्या सदानंद बोरकरांनी शेतकऱ्यांच्या आत्महत्येवर नाटक केले, आणि ते ज्यांच्या घरी तो प्रसंग घडू शकत होता अशा माणसांसमोर केले. मुंबईच्या वातानुकूलित नाट्यगृहात याच विषयावर झालेले नाटक आणि हे नाटक यांत संहितेच्या गुणवत्तेची तुलना जरूर करावी. मात्र प्रयोगाचा अर्थ संहितेत पूर्णपणे सापडेल, या भ्रमात राहू नये. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा अनेक मराठी वाचकांनी झाडीपट्टी रंगभूमीचे नाव प्रथमच ऐकले. गुरनोलीचा हा शेतकरी-नट कित्येक दशके हजारो माणसांना हसवत होता, आणि आमच्या नाट्येतिहासांत त्याला ओळही नव्हती.

या रंगभूमीला जे धक्के बसले तेही उद्‌बोधक आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली आणि शंकरपट थांबले. दिवसाचा आधार गेला, तरी रात्रीचे नाटक टिकले. २०२१ च्या अखेरीस न्यायालयाने परवानगी दिली आणि पट पुन्हा सुरू झाले. २०२० च्या करोनाने मात्र नाटकच थांबले, कारण त्याचा मूळ घटक, म्हणजे खेटून बसलेला समुदाय, तोच निषिद्ध ठरला. बैलांवाचून नाटक होऊ शकले, माणसांवाचून नाही. ध्वनिमुद्रित प्रयोग पडद्यावर दाखवण्याचे उपाय झाले. ते पाहिले गेले, पण कोणी ‘रंगले’ म्हटल्याचे मी ऐकले नाही.

येथे ‘जाणता राजा’ची आठवण होणे स्वाभाविक आहे. बाबासाहेब पुरंदरे यांचे हे महानाट्य १९८५ पासून गावोगाव झाले. फिरता मंच, हत्ती-घोडे, शेकडो कलावंत आणि संपूर्ण ध्वनिमुद्रित संवाद. तंत्राच्या दृष्टीने तो झाडीच्या नेमका उलटा टोकाचा प्रयोग : आवाज आधीच बंदिस्त, नटाने फक्त ओठ हलवायचे. तरीही प्रत्येक शहरातली स्थानिक मुले मावळे म्हणून त्यात सामील होत, आणि मावळा झालेल्या पोराचे सारे घर प्रेक्षकांत बसलेले असे. शब्द गोठवलेला असूनही प्रयोग रंगे, त्याचे एक कारण मला हे वाटते. तेव्हा मुद्रित ध्वनी की जिवंत ध्वनी, यंत्र जास्त की कमी, हा कसोटीचा प्रश्न नव्हेच. यंत्राची कळ कोणाच्या हाती आहे आणि गावातल्या कोणाला त्यात काय करायला मिळते, हे विचारायला हवे.

फुटाळ्याचे प्रकरण पुढे न्यायालयात गेले. तेथील दीर्घा, कारंजी, पाण्यावरचा कृत्रिम वटवृक्ष यांवर पर्यावरणाच्या अंगाने आक्षेप होते. हा तलाव भोसल्यांच्या काळात बांधलेला, मानवनिर्मित आहे, त्यामुळे पाणथळ जागांचे नियम त्याला त्या अर्थाने लागू होत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला. वाद तलाव कोणत्या वर्गात मोडतो याचा होता, आणि तो योग्यच होता. कारंज्यांच्या निवेदनात नागपूरचा कोणता इतिहास यावा, तो कोणी लिहावा, मारबत बांधणाऱ्यांना त्यासाठी विचारावे की नाही, यावर मात्र शहरात वाद झाल्याचे आठवत नाही. साहित्याच्या मंडळींनीही तो केला नाही. आम्ही बहुधा निवेदकांचा आवाज ऐकण्यात गुंग होतो.

गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये गडचिरोलीला स्थापन झाले, त्यामुळे झाडीचा मोठा भाग आता एका विद्यापीठाच्या अंगणात आला आहे. तेथील मराठीच्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकांच्या घरात कोणी ना कोणी नाटकात काम केलेले आहे, नाही तर निदान तिकिटे फाडलेली आहेत. हरिश्चंद्र बोरकरांसारख्यांनी झाडीबोलीसाठी जे काम उभे केले, त्याच्या शेजारी एक दुसरे काम पडून आहे : पडदे कोणी रंगवले, पहिले जनित्र कोणत्या गावी आले, माइक टांगायला कोणी शिकवले, खड्ड्याचा उतार किती ठेवायचा हे कोण ठरवतो. संहिता मिळाल्या तर मिळतील, त्या वह्यांत आहेत. ही दुसरी माहिती साठी-सत्तरीच्या माणसांच्या डोक्यात आहे, आणि दिवाळीनंतरच्या कोणत्याही रात्री ती माणसे मंचाच्या मागे, तारा जुळवताना, सहज भेटतात.