पेटंटांत न सापडणारा थेंब : ई-सिगारेटच्या 'ड्रिपर'चा इतिहास

१/
एखाद्या यंत्राचा इतिहास शोधायचा झाला की आपण प्रथम पेटंटांकडे वळतो. कोणी, कधी, कोठे शोध लावला याची मोहोरबंद नोंद तेथे असते. पण काही यंत्रे शोधकर्त्याच्या हातून सुटून वापरणाऱ्यांच्या हाती गेल्यावरच खरी घडतात. तापत्या तारेवर थेंब टाकून वाफ ओढण्याचा 'ड्रिपर' अ‍ॅटोमायझर हे त्याचे अगदी अलीकडचे उदाहरण. आजचा धागा त्याच्याविषयी.

२/
आधी शब्दाविषयी. 'अ‍ॅटोमायझर' हा शब्द ई-सिगारेटहून बराच जुना. घशात औषध फवारण्याच्या आणि पुढे अत्तराच्या, रबरी फुगा दाबायच्या कुप्यांना हे नाव होते. तेथे हवेच्या झोताने द्रवाचे बारीक कण होतात. ई-सिगारेटमध्ये द्राव तापून त्याची वाफ होते आणि थंड होताच तिचे सूक्ष्म थेंब बनतात. तोंडातून बाहेर पडते ते म्हणजे धूर नव्हे, एक प्रकारचे धुके.

३/
या कल्पनेची मुळे विसाव्या शतकात आहेत. औषधी द्रव्यांची वाफ देणाऱ्या विजेवरच्या उपकरणासाठी जोसेफ रॉबिन्सन यांना १९३० मध्ये अमेरिकी पेटंट मिळाले. १९६३ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या हर्बर्ट गिल्बर्ट यांनी धूरविरहित, तंबाखूविरहित सिगारेटसाठी अर्ज केला; १९६५ मध्ये तो मंजूर झाला. तिच्यात निकोटिन नव्हते, होती ती उबदार, ओलसर, सुगंधी हवा. बाजारात मात्र तिला स्थान मिळाले नाही.

४/
आजच्या ई-सिगारेटचे श्रेय सामान्यतः होन लिक या चिनी औषधनिर्मात्याला दिले जाते. २००३ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि पुढच्याच वर्षी चीनमध्ये उपकरण विक्रीला आले. 'रुयान' हे त्याचे नाव, अर्थ 'धुरासारखे'. त्यांच्या आरंभीच्या रचनेत अतिध्वनी कंपने निर्माण करणारा भाग होता. म्हणजे शब्दाच्या जुन्या अर्थाने तो खराखुरा अ‍ॅटोमायझर होता. पुढे कंपने मागे पडली आणि तापणारी तार टिकली.

५/
परदेशी पोचलेल्या पहिल्या पिढीचे तीन भाग होते : बॅटरी, अ‍ॅटोमायझर आणि द्रावाने भिजवलेला स्पंज असलेली कार्ट्रिज. अ‍ॅटोमायझरच्या पोटात छोटी वाटी, तीत तारेचे वेटोळे आणि वात. त्यावर धातूच्या जाळीने मढवलेली एक कमान, तिला 'ब्रिज' म्हणत. कार्ट्रिज बसवली की ब्रिज स्पंजाला टेके आणि द्राव खाली झिरपे. समईच्या वातीने तेल ओढावे तसेच हे तत्त्व.

६/
अडचण स्पंजाची होती. तो द्राव धरून ठेवी, पण पुरेशा वेगाने सोडत नसे. वात कोरडी पडे आणि करपट चव येई. वापरणाऱ्यांनी साधा उपाय काढला : कार्ट्रिज बाजूला ठेवायची, ब्रिजवर दोन-तीन थेंब टाकायचे, झुरके घ्यायचे, पुन्हा थेंब टाकायचे. हेच 'ड्रिपिंग'. काहींनी पुढे जाऊन पकडीने ब्रिजच उपटून टाकला, म्हणजे थेंब सरळ वेटोळ्यावर पडे. कारखान्याची रचना घरच्या टेबलावर अशी बदलली गेली.

७/
उत्पादकांनी त्याच अडचणीवर वेगळी उत्तरे दिली. 'कार्टोमायझर'मध्ये वेटोळे आणि भिजवलेले भरण एकाच नळीत आले. 'क्लिअरोमायझर'मध्ये भरणच गेले. पारदर्शक टाकीतला द्राव वातीने थेट तारेकडे येऊ लागला. दोन्हींचा उद्देश वापरणाऱ्याचे कष्ट वाचवणे हा होता. ड्रिपिंग करणाऱ्यांना मात्र कष्टांपेक्षा चव आणि दाट वाफ प्रिय होती. येथे वाटा फुटल्या.

८/
या फाट्याला एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीने बळ दिले : '५१०' हा आटा. ५१० हे मुळात एका मॉडेलचे नाव. त्याच्या जोडाचे आटे इतके रूढ झाले की निरनिराळ्या उत्पादकांचे भाग एकमेकांवर बसू लागले. एकाची बॅटरी, दुसऱ्याचा अ‍ॅटोमायझर, तिसऱ्याची तोंडाची नळी. सुटे भाग जुळू लागले की हौशी कारागिरी वाढते. सायकल आणि रेडिओच्या इतिहासातही हेच दिसते.

९/
त्यातून पुन्हा बांधता येणारा ड्रिपर, म्हणजे 'आरडीए', घडला. त्याला टाकी नाही. खाली 'डेक' नावाचा तळ, त्यावर विद्युतवाहक खांब, भोवती उथळ खोलगट आणि वर टोपी. तार वापरणाऱ्याने स्वतः वळायची आणि त्यातून कापूस ओवायचा. तारही जुन्या उद्योगांतलीच : नायक्रोमचे अमेरिकी पेटंट १९०६ चे, आणि कान्थल हे स्वीडिश मिश्रधातूचे नाव. भट्ट्यांची आणि टोस्टरची तार खिशात आली.

१०/
डेकच्या रचना पाहिल्या की त्यामागचा विचार कळतो. जुन्या डेकवर तीन खांब असत : मधला धन, बाजूचे दोन ऋण. दोन वेटोळी बसवताना मधल्या खांबात दोन्ही तारांची टोके एकत्र धरावी लागत आणि ती निसटत. मग दोनच खांब, प्रत्येकाला दोन छिद्रे, अशी रचना आली. प्रत्येक टोकाला स्वतंत्र जागा मिळाली. पुढे खांबही गेले आणि तळातच भोके व स्क्रू आले.

११/
दुसरा प्रश्न हवेचा. खालून वेटोळ्यावर येणारी हवा चव खुलवते, पण थेंब जास्त पडला तर त्याच वाटेने गळती होते. बाजूच्या छिद्रांत हा धोका कमी. वरून हवा घेतल्यास गळती जवळजवळ थांबते, पण ती वेटोळ्यापर्यंत नीट वळवावी लागते. टोपी बुटकी आणि आतून घुमटाकार केली की वाफ कमी पसरते आणि चव दाटते. प्रत्येक सोयीची अशी एक किंमत होती.

१२/
तिसरा प्रश्न सतत थेंब टाकण्याच्या कटकटीचा. 'जेनेसिस' प्रकारात डेकखाली टाकी आणि पोलादी जाळीची वात आली. 'आरटीए'मध्ये बांधायचे वेटोळे आणि टाकी एकत्र आली. 'स्क्वाँक' प्रकारात उपकरणाच्या पोटात मऊ बाटली असे; ती दाबली की पोकळ खिळ्यातून द्राव वर डेकवर चढे. थेंब वरून पडण्याऐवजी खालून येऊ लागला.

१३/
या सर्वांमागे ओहमचा नियम आहे. ३.७ व्होल्टवर २.४ ओहमचे वेटोळे सुमारे ५.७ वॅट शक्ती घेते, ०.५ ओहमचे सुमारे २७ वॅट. विरोध कमी केला की वाफेचा ढग मोठा होतो, आणि बॅटरीवरचा ताणही वाढतो. नियंत्रक सर्किट नसलेल्या उपकरणांत हे गणित चुकणे घातक ठरते.

१४/
शरीराने मोजलेली किंमत वेगळीच. थेंब संपत आला की तार थंड ठेवणारा द्राव उरत नाही. थेट ड्रिपिंगवर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगशाळेतील अभ्यासात तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या वर गेलेले आणि फॉर्माल्डिहाइडसारखी विषारी द्रव्ये मोठ्या प्रमाणात निर्माण झालेली आढळली. २०१७ च्या दुसऱ्या अभ्यासात, अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात ई-सिगारेट वापरून पाहिलेल्या १,०८० शाळकरी मुलांपैकी सुमारे २६ टक्के मुलांनी ड्रिपिंगही केले होते. बहुतेकांचे कारण एकच : अधिक दाट ढग.

१५/
नंतर छोट्या पॉडनी आणि वापरून फेकायच्या उपकरणांनी बाजार व्यापला, आणि ड्रिपर हौशी मंडळींपुरता उरला. भारतात सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशाने आणि त्याच वर्षीच्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी आली. साठवण वगळता इतर बाबतींत पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे.

१६/
आता इतिहासाच्या विद्यार्थ्याचा प्रश्न. होन लिक यांच्या शोधाशी निगडित पेटंटे २०१३ मध्ये एका मोठ्या तंबाखू कंपनीने साडेसात कोटी डॉलर मोजून घेतली. त्यामुळे त्यांचे नाव आणि तारखा कागदावर पक्क्या आहेत. ब्रिज पहिल्यांदा कोणी उपटला, कापूस प्रथम कोणी ओवला, याची अशी नोंद नाही. ती रचना हजारो हातांनी घडली.

१७/
अशा अनाम शोधांचे कौतुक करण्याचा मोह होतो. पण या इतिहासाची दुसरी बाजूही लिहायला हवी. जे कोणा एकाचे नव्हते ते कोणी तपासलेही नव्हते. तापमान मोजणारे प्रयोग झाले ते थेंब टाकण्याची सवय रूढ झाल्यानंतर. पेटंट केवळ श्रेयाची नोंद नसते. प्रश्न विचारायचे तर कोणाला, याचाही तो पत्ता असतो. ड्रिपरच्या बाबतीत तो पत्ता कोरा राहिला.

धागा समाप्त. आपल्या घरातल्या एखाद्या वस्तूची रचना अशीच वापरणाऱ्यांनी बदललेली असेल, तर खाली जरूर लिहा.