शेवटच्या याहीचें धनुष्य

सन १९११ च्या ऑगस्ट महिन्याच्या २९ तारखेस अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानांत, ओरोव्हिल गांवाजवळच्या एका कत्तलखान्याच्या आवारांत एक मनुष्य सांपडला. अंगावर धड वस्त्र नाहीं, उपासानें देह खंगलेला, आणि भाषा तर त्या गांवांत कोणालाच कळेना. शेरीफानें त्याला तुरुंगांत नेऊन ठेविलें. त्यानें गुन्हा केला म्हणून नव्हे, तर त्याला दुसरीकडे कोठें ठेवावें हें सुचेना म्हणून. हा याही जमातीचा शेवटचा पुरुष होय. यानंतर तो पुरतीं पांच वर्षेंहि जगला नाहीं. परंतु तेवढ्या अवधींत त्याच्या हातून धनुष्य घडविण्याची एक पुरातन विद्या दुसऱ्या हातांत गेली.

याही लोक लासेन पर्वताच्या पायथ्याशीं, मिल क्रीक व डिअर क्रीक या ओढ्यांच्या खोऱ्यांत राहत. त्यांची संख्या मुळांतच अल्प. १८४८ सालीं कॅलिफोर्नियांत सोनें सांपडलें आणि गोऱ्या वसाहतवाल्यांची रीघ लागली. शिकारीचीं रानें गेलीं, ओढ्यांतले मासे आटले. भुकेल्या याहींनीं गुरें मारावीं आणि त्याच्या सुडादाखल वसाहतवाल्यांनीं वस्त्याच्या वस्त्या कापून काढाव्या, असा क्रम चालला. १८७० च्या सुमारास जे मूठभर लोक उरले ते रानांत दडले, आणि सुमारें चाळीस वर्षें पाऊल उमटूं न देतां व धूर दिसूं न देतां जगले. अशा जिण्यांत बंदुकीचा बार म्हणजे मृत्यूला आमंत्रणच. धनुष्य मात्र मुकाट्यानें काम करतें. इतरत्र बंदुकीपुढें लोपलेली विद्या येथें अशी गरजेपोटीं टिकली. पुढें १९०८ सालीं मोजणीदारांच्या एका तुकडीस त्यांचा लपलेला तळ सांपडला. तिनें तेथील चीजवस्तु उचलून नेल्या, माणसें पांगलीं, आणि अखेरीस एकच उरला.

कॅलिफोर्निया विद्यापीठांतील मानववंशशास्त्रज्ञ क्रोबर व वॉटरमन यांनीं त्याला सान फ्रान्सिस्को येथील विद्यापीठाच्या वस्तुसंग्रहालयांत आणिलें. स्वतःचें नांव परक्यास सांगणें याही रीतीस धरून नव्हे. म्हणून क्रोबरनें त्याला 'इशी' म्हटलें. याना भाषेंत इशी म्हणजे मनुष्य. संग्रहालयांत त्याला नोकरी मिळाली, आणि रविवारीं जमणाऱ्या प्रेक्षकांना तो बाणाचीं टोकें घडवून दाखवूं लागला. लगतच वैद्यकीय महाविद्यालय होतें. तेथील शल्यविशारद डॉ. सॅक्स्टन पोप १९१२ सालीं त्याचा वैद्य म्हणून आला आणि शिष्य होऊन राहिला. दोघांना एकमेकांची भाषा बेताचीच येई. शिकविणें झालें तें हातानें व डोळ्यांनीं.

इशीच्या मतें उत्तम लांकूड डोंगरी जुनिपरचें. फांदी फोडून तिचा बाहेरचा, सालीखालच्या कोंवळ्या थरासकटचा भाग तो घेई. मापाला पट्टी नाहीं. एक हात आडवा पसरावा, आणि त्याच्या बोटांपासून विरुद्ध बाजूच्या कमरेपर्यंत जें अंतर भरेल तीच धनुष्याची लांबी. इशीच्या अंगमापानें ती ४२ इंच भरे. वाळूच्या दगडानें घासघासून तो काठीला चपटा आकार देई, आणि तापविलेल्या दगडावर टेकवून दोन्ही टोकें पाठीकडे वळवी. मग वळण टिकावें म्हणून ती दुसऱ्या लांकडास बांधून अंधाऱ्या, कोरड्या जागीं मुरत ठेवी. कधीं कांहीं महिने, तर कधीं वर्षेंहि.

यापुढचें काम अधिक नाजूक. सामन माशाचें कातडें उकळून केलेला सरस तो धनुष्याच्या खरखरीत केलेल्या पाठीवर लावी. हरणाच्या पायांतील शिरा दांतांनीं चघळून त्यांचे तंतु सुटे करी आणि ते एकावर एक दाट बसवून वर वाळुंजीच्या सालीच्या पट्ट्या आवळी. थर वाळल्यावर पट्ट्या सोडून पुन्हां सरस, पुन्हां घासणें. शेवटीं मुठीवर हरणाच्या कातड्याची वादी गुंडाळी. दोरीहि शिरांच्याच तंतूंची. या खटाटोपाचें मर्म असें, कीं धनुष्य वांकतांना त्याच्या पाठीवर ताण पडतो व पोटावर दाब. लांकूड प्रथम तुटतें तें बहुधा ताणाच्या बाजूनें. शिरांचें अस्तर तो ताण सोसतें, म्हणून इतकें आंखूड धनुष्यहि पुष्कळ ओढतां येतें. हें तत्त्व इशीनें शब्दांत सांगितलें नसेल. त्याच्या बोटांना तें ठाऊक होतें.

धनुष्याला तो सजीवासारखें वागवी. काम संपलें कीं दोरी उतरवून तें आडवें निजवावें. उभें ठेविल्यास तें कष्टत राहतें व निर्बळ होतें. पोर त्यावरून ओलांडून गेलें तर नेम चुकतो, आणि स्त्रीचा हात लागला तर अपशकुन, असेंहि तो मानी. कधीं कधीं धनुष्याचें टोक तोंडाशीं धरून व दोरीवर बाणानें टिचक्या मारून तो त्यांतून मंद सूर काढी. १९१४ च्या मे महिन्यांत क्रोबर, वॉटरमन व पोप त्याला घेऊन डिअर क्रीकच्या खोऱ्यांत गेले, तेव्हां जेथें तो लपून राहिला होता तींच स्थळें त्यानें त्यांना दाखविलीं.

नगरवासानें मात्र त्याला क्षय जडला. ज्यानें त्याच्याकडून विद्या घेतली त्या वैद्याच्या हातीं त्याच्यासाठीं औषध नव्हतें. २५ मार्च १९१६ रोजीं इशी वारला. दहनापूर्वीं स्नेह्यांनीं त्याच्याजवळ त्याचें धनुष्य व पांच बाण ठेविले. तथापि शवाची चिरफाड करूं नये अशी क्रोबरची दुरून पत्रें आलीं असतांहि ती झालीच. त्याचा मेंदू काढून घेण्यांत आला, आणि पुढें तो क्रोबरनेंच वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे धाडला. २००० सालीं तो त्याच्या सजातीयांच्या स्वाधीन करण्यांत आला.

पोपनें १९१८ सालीं याही धनुर्विद्येवर प्रबंध व १९२३ सालीं धनुष्यानें शिकार करण्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. स्वतःसाठीं तो पुढें यू लांकडाचीं लांब इंग्रजी धनुष्यें घडवूं लागला. पण लांकडाची नस ओळखण्याचा पहिला पाठ त्याला इशीजवळ मिळाला होता. अमेरिकेंत हातानें घडविलेल्या धनुष्याची आवड विसाव्या शतकांत पुन्हां जागली, तिच्या मुळाशीं हे ग्रंथ आहेत. ज्या समाजानें याहींना नाहींसें केलें त्याच समाजांतील एका माणसाला इशीनें आपली विद्या हातचें न राखतां दिली. आपलें खरें नांव तेवढें त्यानें कोणालाहि सांगितलें नाहीं.