निशाण, ढाल व पालिध्वज

जुन्या कागदांची नक्कल करितांना ध्वजवाचक शब्दांच्या जागीं 'झेंडा' हा एकच परिचित शब्द घालण्याचा मोह होतो. तो टाळणें कां अवश्य आहे, हें येथें थोडक्यांत दाखविण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अमरसिंहानें क्षत्रियवर्गांत पताका, वैजयंती, केतन व ध्वज हे शब्द एकत्र दिले आहेत. तथापि ते सर्वत्र समानार्थीच आहेत, असें म्हणतां येत नाहीं. माळव्यांत बेसनगर येथें हेलिओदोर या यवन दूतानें वासुदेवाप्रीत्यर्थ इ. स. पूर्वीं दुसऱ्या शतकांत उभारलेला 'गरुडध्वज' हा दगडी स्तंभ आहे. तेथें 'ध्वज' म्हणजे चिह्न धारण करणारा स्तंभ. कापडाचा कांहींच संबंध नाहीं.

दुसरें उदाहरण दक्षिणेतील. विनयादित्यानें उत्तरापथाच्या अधिपतीस जिंकून मिळविलेल्या राजचिह्नांत 'पालिध्वज' होता, असें बदामीच्या चालुक्यांचे ताम्रपट सांगतात. 'पालि' म्हणजे ओळ. नवव्या शतकांतील जिनसेनाच्या आदिपुराणांत याचा उलगडा होतो, ही गोष्ट काशिनाथ बापूजी पाठक यांनीं पुढें आणिली. माला, वस्त्र, मयूर, कमल, हंस, गरुड, सिंह, वृषभ, गज व चक्र असे ध्वजांचे 10 प्रकार, प्रत्येकाचे 108, म्हणजे एका दिशेस 1080 व चारी दिशांस मिळून 4320. सारांश, पालिध्वज हें एक निशाण नसून ध्वजांच्या शोभिवंत रांगा होत.

आतां मराठी कागदांकडे वळूं. मोल्स्वर्थच्या 1857 च्या कोशांत 'ढाल' या शब्दाचे शस्त्र निवारण्याचें साधन व सैन्याचें मोठें निशाण असे दोन्ही अर्थ आहेत. या ढालेच्या अनुरोधानें फौजेची कूच व मुक्काम होत असे. म्हणून ढाल पुढें गेल्याचा मजकूर आढळल्यास तेथें हातांतील ढाल समजणारा वाचक फौजेच्या हालचालीचाच पुरावा गमावितो.

'निशाण' शब्दाची अडचण याहून मोठी. मूळ फारसी 'निशान' म्हणजे खूण. मोगल दफ्तरांत बादशहाचें तें फर्मान व शहाजाद्याचें तें निशान. अर्थात् तेथें निशान हा कागद आहे. त्याच मूळाची 'निशाणी' आमच्या महजरांवर पाटलाच्या नांगराच्या रूपानें उमटलेली दिसते. अशा स्थितींत 'निशाण आलें' एवढेंच वाक्य असल्यास तें पत्र कीं ध्वज, हें पुढच्यामागच्या मजकुरावरून, कोणाकडून आलें व तें कसें घेतलें यावरून, ठरविलें पाहिजे. 'जरीपटका' शब्दांत मात्र सोन्याची जर व पटक्याचें वस्त्र दोन्ही उघड आहेत.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती इतकीच कीं, नकलेंत मूळ शब्द अक्षरशः ठेवावा व अर्थ टीपेंत द्यावा. अस्सल कागद कसरीच्या भक्ष्यस्थानीं पडल्यावर नक्कलच शिल्लक राहते. तींत 'झेंडा' घातलेला असेल, तर तें निशाण कोणतें होतें, हें पुढच्या शोधकास कोणत्याही उपायानें कळणार नाहीं.